पोलादाला जे जमलं नाही : विमान-प्रतिकृतींच्या रेझिन भागांची पार्श्वभूमी

सुटे भाग जोडून करायच्या विमानाच्या प्लास्टिक किटमध्ये धडाची भिंत साधारण एक मिलिमीटर जाड असते. हातात घेतली तर पातळच वाटते. पण १/७२ प्रमाणाच्या हिशेबाने खऱ्या विमानात ती सात सेंटिमीटरपेक्षा जाड झाली. खऱ्या लढाऊ विमानाचा पत्रा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. थोडक्यात, किटमधला वैमानिक विमानात बसत नाही, दोन तटांच्या बेचक्यात बसतो. त्याचं आसन अरुंद, खांदे दबलेले, बाजूच्या पॅनेलना जागाच नाही. रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकच्या, सुट्या भागांचा सगळा धंदा याच बेचक्यात जन्माला आला.

सुरुवात मात्र कॉकपिटच नसलेल्या विमानांपासून होते. १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग’ या खेळण्यातल्या विमानांच्या ब्रँडने ‘पेंग्विन’ नावाने १/७२ प्रमाणातली प्लास्टिक किट बाजारात आणली. फ्रॉगची आधीची विमानं खरोखर उडायची, ही उडत नव्हती, म्हणून नाव पेंग्विन. प्लास्टिक होतं सेल्युलोज ॲसिटेट. ते काळाच्या ओघात वाकडं व्हायचं. पुढे पॉलिस्टायरिन आलं आणि हा प्रश्न मिटला. १/७२ हे प्रमाण टिकलं त्यामागे इंचाफुटांचा सोपा हिशेब आहे : सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. म्हणजे विमानांच्या या छंदातलं एक लाडकं माप माणसाच्या उंचीशी जुळलेलं आहे, आणि गंमत अशी की कित्येक वर्षं किटमधला सर्वांत वाईट भाग माणूसच होता. पन्नाशीच्या दशकातल्या अनेक किटमध्ये धडाच्या आतून दोन खुंट्या निघायच्या, त्यांवर गुळगुळीत, नाकडोळे नसल्यासारख्या चेहऱ्याचा एक वैमानिक बसवायचा, वर काच चिकटवायची, झालं.

दोष कारागिरांचा नव्हता. पोलादी साच्याला दोन पाळ्या, म्हणजे दोन अर्धे भाग, असतात. वितळलेलं प्लास्टिक दाबाने आत जातं, थंड होतं, पाळ्या सरळ रेषेत उघडतात. या उघडण्याच्या वाटेत जे काही आडवं येईल, ते साच्यात अडकणार. म्हणून आसनाच्या बाजूला खोबण नको, चाकावरच्या नक्षीने पूर्ण फेरा घ्यायला नको, धुराड्याचं, म्हणजे इंजिनाचा धूर सोडणाऱ्या नळीचं, तोंड पोकळ नको. माणसाचा चेहरा दोन पाळ्यांच्या सांध्यावर आला की कान सपाट आणि नाक घसरलेलं. शिवाय पोलादी साचा महागडा. हजारो किट खपल्याशिवाय त्याचा खर्च निघत नाही. मग एखाद्या विमानाच्या तीन उपप्रकारांपैकी सर्वांत खपणारा एकच निघायचा, बाकीच्यांसाठी हौशी लोकांनी आपापलं बघायचं.

ते बघतही होते. मेणबत्तीवर प्लास्टिकची काडी तापवून ओढायची आणि तिच्या तारा करायच्या, शिशाच्या पातळ पत्र्याचे पट्टे कापून आसनाला बांधायचे, प्लास्टिकच्या पातळ शीटचे तुकडे जोडून पॅनेल उभं करायचं. साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनमध्ये तापवून व्हॅक्युमने साच्यावर ओढलेल्या प्लास्टिक शीटची किट निघू लागली, कमी संख्येत आणि कमी खर्चात. त्यांच्या सोबत पंखे आणि चाकांचे पाय ‘पांढऱ्या धातूत’, म्हणजे शिसं-कथिलासारख्या मिश्रणात, ओतलेले मिळायचे. हा धातू मऊ आणि जड. पाय सहज वाकायचे, पण वाकले तर सरळही करता यायचे, आणि नाकात वजन भरायचं काम त्याच धातूवर भागायचं. तरी बारीक, खोल, पातळ आकार त्यात नीट उतरत नसत. तो मान दुसऱ्याच मिश्रणाला मिळाला.

हे मिश्रण म्हणजे पॉलियुरेथेन रेझिन. त्याचं रसायन जुनं आहे. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी ते मांडलं. पण छंदाला खरी कलाटणी मिळाली ती या रसायनाला साध्या खोलीतल्या तापमानाला घट्ट होणाऱ्या सिलिकॉन रबराची जोड मिळाली तेव्हा. मूळ नमुना, ज्याला सगळे ‘मास्टर’च म्हणतात, हाताने घडवायचा. त्यावर द्रव रबर ओतायचं. दुसऱ्या दिवशी रबर मोजा उतरवावा तसं सोलून काढायचं. आत मागे राहिलेल्या पोकळीत दोन द्रव मिसळून रेझिन ओतलं की काही मिनिटांत भाग तयार. रबर वाकतं, त्यामुळे आडव्या खोबणींचा धाक नाही. पोलादाला न जमणारं रबराला जमलं ते याच एका गुणावर. उलट बाजूने रबर दर वेळी थोडं झिजतं आणि काही डझन ओतकामांनंतर फाटायला लागतं. म्हणजे हा धंदा जन्मतःच छोट्या संख्येचा. एखाद्या उपप्रकाराचं नाक किंवा विशिष्ट इंजिनाचं धुराडं विकायला हीच संख्या पुरेशी होती.

बुडबुडे हा या कामातला पिढ्यान्‌पिढ्यांचा शत्रू. दोन द्रव ढवळले की हवा शिरणारच. काही कारागीर निर्वात डब्यात ती हवा बाहेर ओढतात, काही दाबाच्या भांड्यात बुडबुडे इतके चेपतात की दिसेनासे होतात. दोन्ही न करणाऱ्यांचे भाग ओळखायला कष्ट पडत नाहीत : कानशीने एक हात मारला की चाकाला देवीचे व्रण.

दुसरी अडचण चिकटवण्याची. किटचा गोंद पॉलिस्टायरिनला विरघळवून जोडतो. पॉलियुरेथेनवर त्याचा काही परिणाम होत नाही, भाग नुसता ओला होतो. इथे मदतीला आला सुपरग्लू. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या हॅरी कूव्हर यांना त्याचं रसायन सापडलं तेव्हा ते बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे भलतंच सगळ्याला चिकटतंय म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. गोंद म्हणून ते बाजारात आलं १९५८ मध्ये. आज याच गोंदाने आपण रेझिनच्या कॉकपिटमध्ये तांदळाच्या दाण्याहून लहान नेमदर्शक बसवतो, हे मला फार आवडतं.

या साहित्याचं बाजारात रूपांतर झालं ऐंशीच्या दशकात, आणि तिथे बेल्जियमचे फ्रांस्वा व्हेर्लिंडेन यांचं नाव टाळता येत नाही. त्यांच्या संचांमध्ये रेझिनचं कॉकपिट, इंजिन, उघडी झाकणं आणि सोबत रासायनिक क्रियेने कोरलेला पातळ पितळी पत्रा असे. त्याच छत्राखाली वैमानिक होते, जमिनीवरचे कर्मचारी होते, डबे, शिड्या, तेलाची पिंपं होती. त्यांनी विकलं ते नुसते भाग नव्हेत, एक दृष्टी होती : विमान म्हणजे कामाच्या मध्यात थांबवलेलं दृश्य. काळपट पातळ रंगाने खाचा भरायच्या, कोरड्या ब्रशने कडा उजळायच्या, ही रीत त्यांच्या पुस्तकांतून जगभर पसरली. माझं स्पष्ट मत असं की त्या काळच्या या धाटणीत अचूकतेपेक्षा देखाव्याला मान जास्त होता. एकाच विमानाची सगळी झाकणं एकाच वेळी उघडी असण्याचा प्रसंग खऱ्या धावपट्टीवर फारसा येत नाही. पण ती झाकणं नसती तर आतल्या पाइपांच्या जंजाळाकडे कोणी पाहिलंही नसतं.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या काही छोट्या कंपन्यांनी नेमके सुटे भाग काढले : चाकं, आसनं, पंखांचे खाली वळवलेले फ्लॅप. चाकांचा किस्सा सांगण्यासारखा आहे. विमानाच्या वजनाने टायर खाली किंचित चपटा होतो. हे दाखवायला रेझिनची चाकं तळाशी चपटी काढली जाऊ लागली. कल्पना चांगली, पण काही जणांचा हात असा सैल सुटला की विमान पंक्चर होऊन उभं आहे असं वाटावं.

आणि मग चेकोस्लोव्हाकिया, त्यातलाही आजचा चेक प्रजासत्ताकाचा भाग. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली, खासगी उद्योगाची वाट मोकळी झाली. हातात कसब आधीपासून होतं. बाहेरची किट सहज मिळत नसताना जे मिळेल त्यातून घडवायची सवय लागलेली पिढी होती ती. ‘एडुआर्ड’ ही कंपनी १९८९ मध्येच मोस्त शहरात सुरू झाली, कोरलेल्या पत्र्यांपासून. ‘आयरेस’ने रेझिनची कॉकपिट इतक्या थराला नेली की आजही जुना माणूस त्यांचं नाव घेतो. ‘सीएमके’नेही इंजिन, कॉकपिट, माणसं अशी मोठी यादी उभी केली. आयरेसच्या पॅनेलची रचना बघण्यासारखी असते. पुढे घड्याळांच्या जागी भोकं पाडलेला पितळी पत्रा, मागे छापील आकडे-काट्यांची पारदर्शक फिल्म, तिच्या पाठीला पांढरा रंग. तिन्ही एकत्र दाबले की दोन मिलिमीटरच्या घड्याळात खोली दिसते.

पण बेचक्याचं गणित इथेच येऊन पिडतं. मास्टर खऱ्या विमानाची मापं प्रमाणात उतरवून घडवलेला, किटची भिंत मात्र त्या हिशेबाने कित्येक सेंटिमीटरची. संच घेणाऱ्याला ती भिंत आतून खरवडावी लागते. मी पहिल्यांदा १/४८ चं रेझिन कॉकपिट हातात घेतलं तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याआधी दुसरीच चूक केली. रेझिनच्या भागाला ओतण्याच्या तोंडाचा एक जाड ठोकळा चिकटलेला असतो, तो बारीक करवतीने कापून टाकायचा असतो. ठोकळा कुठे संपतो आणि कॉकपिटचा तळ कुठे सुरू होतो हे मला कळलं तेव्हा पायांची पेडलं पिवळ्या भुशासोबत टेबलावर पडली होती. उरलेलं धडात बसेना. मग वक्र पात्याने आतून खरवडणं, बसवून बघणं, पुन्हा खरवडणं. एका जुन्या हाताने युक्ती दिली : धड दिव्यासमोर धर, प्लास्टिकमधून उजेड गुलाबीसर दिसायला लागला की थांब. त्यापुढे एक हात जास्त मारला तर भोक. (भाग पाण्यात भिजवूनच घासायचा, तोंडावर मास्क लावून. रेझिनची पूड फुप्फुसांना चांगली नाही.)

ही खरवड टाळण्यासाठीच पुढे ‘थेट बदला’ धाटणीचे भाग आले. आयरेसच्याच ‘क्विकबूस्ट’ मालिकेत किटचा भाग काढून ठेवा, हा लावा, इतकंच काम : धुराडी, बंदुकीच्या नळ्या, आसनं. एडुआर्डने २०१० च्या सुमारास ‘ब्रासिन’ नावाने स्वतःची रेझिन मालिका काढली.

माणसांच्या आकृतींची वाट थोडी वेगळी. त्या घडवणारे बहुधा शिसं आणि कथिलाच्या सैनिकांच्या परंपरेतून आले. दोन घटकांची इपॉक्सी पुट्टी मळायची, तारेच्या सांगाड्यावर चढवायची, दंतवैद्याच्या हत्यारांनी सुरकुत्या पाडायच्या. १/७२ ला माणसाचं डोकं तीन मिलिमीटरच्या आसपास भरतं. डोळा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. रेझिनमुळे डोकं एकसंध ओतता आलं, हनुवटीखाली सावली पडायला लागली, प्राणवायूची नळी छातीपासून सुटी दिसायला लागली. बेल्जियमच्या ‘पीजे प्रॉडक्शन’चे जेट वैमानिक, कॅनडाच्या ‘अल्ट्राकास्ट’चे दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक, हे या कामाचे चांगले नमुने. तरी बसलेल्या वैमानिकाची मांडी बहुतेक वेळा थोडी तासावीच लागते. कारण अर्थातच तेच.

रबराच्या साच्याने एक दुखणंही दिलं. ज्या सोयीने मास्टरवरून साचा बनतो, त्याच सोयीने विकत आणलेल्या भागावरूनही बनतो. नकला निघाल्या, भरपूर निघाल्या. काही सिलिकॉन घट्ट होताना थोडं आकसतं, म्हणून नकलेची नक्कल मूळ भागापेक्षा किंचित लहान आणि कडांना बोथट होते. जाणता माणूस कॅलिपर हे बारीक मापाचं हत्यार लावून सांगतो, हा दुसऱ्या पिढीचा.

मग साचाच नको म्हणणारं यंत्र आलं : थ्रीडी प्रिंटर. अतिनील प्रकाशाने द्रव रेझिन थराथराने घट्ट करण्याची पद्धत अमेरिकेच्या चक हल यांची, पेटंट १९८६ चं. पण हौशी टेबलावर ती पोचायला तीस वर्षं गेली. २०१२ मध्ये ‘फॉर्मलॅब्ज’ कंपनीने लेझरचं छोटं यंत्र आणलं आणि २०१८ नंतर एलसीडी पडद्याची स्वस्त यंत्रं आली. आधी फक्त मास्टर छापले जायचे आणि त्यावरून जुन्या पद्धतीने रबर ओतलं जायचं. त्या काळातल्या भागांवर जिन्यासारख्या बारीक रेषा दिसायच्या. नंतर विकायचा भागच छापून येऊ लागला. आसनाचे सुटे लोंबणारे पट्टे, पोकळ नळ्या, एकमेकांतून गेलेले पाइप, हे रबरालाही जमलं नव्हतं. त्याच सुमारास रशियाच्या ‘क्विंटा स्टुडिओ’ने उंचवट्यासह रंगीत छापलेली पॅनेल आणली. सोलून चिकटवा, झालं. तीन थर दाबून घड्याळ घडवणाऱ्यांना ती पाहून आनंद झाला असेल असं नाही.

छापलेल्या भागाला ठोकळा नसतो, आधाराच्या केसासारख्या काड्यांचं जंगल असतं. करवतीऐवजी कात्री लागते, आणि छापील रेझिन ठिसूळ असल्यामुळे काडीबरोबर कंट्रोल स्टिकही तुटते. ती जमिनीवर पडली की सापडत नाही, हे पूर्वीसारखंच.

आकृत्यांमध्ये आता खऱ्या कपड्यातल्या माणसाला खुर्चीत बसवून चहूबाजूंनी स्कॅन करतात. शरीराचं वजन अगदी खरं दिसतं. पण कपड्याची एक सेंटिमीटरची सुरकुती १/४८ ला दोन दशांश मिलिमीटर होते आणि रंगाच्या दोन हातांखाली बुजून जाते. म्हणून स्कॅन झाल्यावर कोणीतरी पडद्यासमोर बसून सुरकुत्या खोल करतो, नाकाची कड धारदार करतो, पापणी जरा जाड करतो. पुट्टी आणि दंतवैद्याचं हत्यार घेऊन बसणाराही नेमकं हेच करत होता.