कायद्यात पीएच.डी., विषय आरोग्याचा: पुण्यात अर्ज करताना लागणाऱ्या दोन फायली

‘ताई, पेटचे (पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचे) फॉर्म सुटले का?’ एलएल.एम. संपवलेल्या मुलामुलींचे फोन याच प्रश्नाने सुरू होतात. मी उलट विचारते, विषय काय ठरवलाय? सरोगसी, इच्छामरण, गर्भपाताचा कायदा, मानसिक आरोग्य, एचआयव्हीबाधितांचे हक्क, जातपंचायतीचा बहिष्कार, यांतलं काहीतरी उत्तर येतं. विषय सगळे चांगले. ‘माणसांशी बोलणार आहेस का?’ असं विचारलं की ‘हो, पन्नासेक मुलाखती घेईन’ असं सहज सांगून टाकतात. त्या पन्नासेक मुलाखतींना वेगळी परवानगी लागते, हे गाइड मिळून, कोर्सवर्क उरकून, वर्ष उलटल्यावर कळतं. म्हणून प्रवेशाची आणि परवानगीची अशा दोन्ही फायली एकदमच सांगते. पहिलीबद्दल थोडक्यात, कारण ती माहिती कुठेही मिळते.

प्रवेशाची फाइल

मूळ नियम विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२२ चे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्के सूट. प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. ५० टक्के मिळाले की मुलाखतीला बोलावणं येतं, राखीव गटांना इथेही ५ टक्क्यांची सवलत आहे. अंतिम यादीत लेखी परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. कायद्याची मुलं विषयाच्या पेपरात तरतात आणि संशोधन पद्धतीत बुडतात. नमुना निवड, गृहीतक, गुणात्मक आणि संख्यात्मक पद्धती या गोष्टी आपल्याला एलएल.बी.ला कुणी शिकवलेल्या नसतात.

२०२४ पासून नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, निकाल तीन गटांत लागतो. पहिल्यात जेआरएफ (संशोधनासाठीची केंद्राची अधिछात्रवृत्ती), सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. तिन्ही, दुसऱ्यात सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी.; तिसऱ्यात फक्त पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटातले गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, हे विसरू नका. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट, म्हणजे राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेतं. नेट-सेट झालेल्यांना लेखी पेटमधून काय सवलत आहे, ते त्या वर्षीच्या सूचनापत्रकात लिहिलेलं असतं.

पुण्यात पर्याय बरेच. विद्यापीठाचा विधी विभाग गणेशखिंडच्या आवारात आहे, आणि शहरातल्या संलग्न विधी महाविद्यालयांत मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं चालतात. सिम्बायोसिस आणि भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठं असल्याने त्यांचा अर्ज, परीक्षा आणि फी स्वतंत्र. केंद्र निवडताना इमारत बघू नका, गाइडच्या रिकाम्या जागा बघा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. आरोग्य कायद्यात काम केलेला गाइड आणि त्याच्याकडे रिकामी जागा, हा योग जुळवायला परीक्षेइतकीच धावाधाव करावी लागते.

कागदपत्रं ओळखीचीच आहेत: सगळ्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, नेट-सेटचा निकाल, आधार, फोटो, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन, राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र. घोळ दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे नॉन-क्रीमीलेअर. त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि मुलं गेल्या वर्षीचाच दाखला स्कॅन करून मोकळी होतात. दुसरा घोळ नावाचा. एलएल.बी. माहेरच्या नावाने आणि एलएल.एम. सासरच्या, असं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत आधीच जोडा, पडताळणीच्या खिडकीपाशी उभं राहून ती सापडत नाही.

नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी कार्यालयाची एनओसी लागते आणि ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीवर भागत नाही. अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं करू, हे दोन्ही त्यात स्पष्ट हवं.

मुदत किमान ३ वर्षं, कमाल ६. पुनर्नोंदणी करून आणखी २ मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची जास्तीची सूट आहे, पण एकूण १० च्या पुढे नाही. पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळते. ती मागायला मुली उगाच संकोचतात.

पैशांचं म्हणाल तर जेआरएफला महिना ३७,००० रुपये. ते नसेल तर अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. बार्टी आणि सारथी दोन्ही पुण्यातच आहेत, महाज्योती नागपूरला. जाहिरात आली की लगेच भरा.

परवानगीची फाइल

आता खरं दुखणं. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देते ती एथिक्स कमिटी. ‘एथिक्स कमिटी डॉक्टरांसाठी असते, आपण तर वकील’ हा समज मी स्वतः दोन वर्षं बाळगला होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचली आणि तो गळून पडला. आरोग्याशी निगडित सामाजिक आणि वर्तनशास्त्रीय संशोधनही त्यांच्या कक्षेत येतं. सुई टोचा नाहीतर प्रश्न विचारा, माणूस सहभागी आहे ना, मग परवानगी घ्या.

फक्त निकालपत्रं, कायदे आणि विधिमंडळातल्या चर्चा वाचून प्रबंध लिहिणार असाल तर ही फाइल बहुधा लागणार नाही. सार्वजनिक माहितीवरच्या कामाला सूट आहे. मात्र ती सूट आपली आपण घ्यायची नसते, कमिटीकडे अर्ज करून मागायची असते. कमिटी तीन प्रकारे निर्णय घेते: सूट, जलद आढावा किंवा पूर्ण बैठक. रुग्ण, मुलं, कैदी, मानसिक आजार असलेल्या व्यक्ती यांच्याशी बोलणार असाल तर पूर्ण बैठक धरूनच चाला.

विधी महाविद्यालयाकडे स्वतःची कमिटी बहुतेक वेळा नसते. मग दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी सामंजस्य करार करून तिच्यापुढे प्रस्ताव ठेवता येतो. ती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, तेवढं बघा. कमिटीत ७ ते १५ जण असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, आणि सदस्यांत एक कायदेतज्ज्ञ असावाच लागतो. म्हणजे जिथे आपण अर्ज घेऊन जायला कचरतो, तिथे आपल्यातलाच एक जण टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो.

फाइलमध्ये संशोधन आराखडा, मराठी आणि इंग्रजी प्रश्नावली, माहितीपत्रक व संमतीपत्र, गाइडचं पत्र, तुमचा परिचय, आणि जिथे मुलाखती घेणार त्या संस्थेचं परवानगीपत्र लागतं. माझा प्रस्ताव पहिल्यांदा परत आला तो संमतीपत्रामुळे. मी लिहिलं होतं, ‘मी खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, सदर संशोधनाचा हेतू मला समजला असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.’ कमिटीत सामान्य लोकांच्या वतीने बसणाऱ्या, ना डॉक्टर ना वकील, अशा एक सदस्य बाई होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, ‘हे वाचून मला वाटलं, मी घर विकतेय.’ ‘तक्रार राहणार नाही’ हे तर सरळ चुकीचं होतं, कारण तक्रारीचा हक्क सोडून द्यायला लावणारी संमती चालत नाही. दुसऱ्या वेळी लिहिलं, ‘मी पीएच.डी.साठी तुमच्याशी साधारण चाळीस मिनिटं बोलणार आहे. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. मधेच थांबावंसं वाटलं तर थांबा, तुमच्या उपचारांवर त्याचा काही परिणाम होणार नाही.’ ते मंजूर झालं.

संमतीपत्राची एक प्रत सहभागी व्यक्तीकडे राहते, आणि तिच्यावर तुमचा व कमिटीच्या सचिवांचा संपर्क असतो. लिहितावाचता येत नसेल तर अंगठा आणि एका त्रयस्थ साक्षर साक्षीदाराची सही. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती तर हवीच, शिवाय ७ ते ११ वयाच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वयातल्यांचा लेखी होकार. जाण्यायेण्याचं भाडं देता येतं, पण रक्कम इतकी नको की माणूस पैशासाठीच बोलायला बसेल.

विषयानुसार यात कायद्याचे पेच येतात, आणि तिथे आपला अभ्यास उपयोगी पडतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९९ मध्ये नुसत्या मुलाखतीसाठीही मुक्त आणि माहितीपूर्ण संमती सांगितली आहे. व्यक्ती संमती देऊ शकत नसेल, पण विरोधही करत नसेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करायचा विचार असेल तर हे कलम वाचूनच अधीक्षकांना पत्र लिहा. एचआयव्हीच्या २०१७ च्या कायद्यातही संमतीशिवाय संशोधन करायला मनाई आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला कलम ५अ आलं, त्यानुसार डॉक्टर स्त्रीचं नाव उघड करू शकत नाही. म्हणून ‘रजिस्टरवरून नावं घेऊन फोन करेन’ असं आराखड्यात लिहाल तर तो तिथेच अडकेल. डॉक्टरांनी तुमचं माहितीपत्रक द्यायचं आणि बाईंना वाटलं तर त्यांनी तुम्हाला फोन करायचा, एवढाच सरळ रस्ता आहे.

सगळ्यात नाजूक पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा. कलम १९ प्रमाणे अल्पवयीनावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. किशोरवयीनांच्या संमतीच्या वयावर संशोधन करणारी बरीच मुलं माहितीपत्रकात ‘तुम्ही सांगाल ते कुणालाही कळणार नाही’ असं लिहितात. हे वचन कायद्याने पाळता येणारं नाही. मुलाखतीच्या आधी, समोरच्याला कळेल अशा भाषेत ही मर्यादा सांगावी लागते, आणि ती सांगितल्यावर अनेक जण बोलणार नाहीत हेही धरून चालावं लागतं. मी तर सुचवते की शक्य असेल तर अठरा पूर्ण झालेल्यांशी आणि नाव-ठिकाण न विचारता बोला. तेवढ्याने मर्यादा संपत नाही, पण तुम्ही विचाराल काय आणि ऐकाल काय, यावर थोडा ताबा राहतो.

सरकारी आकडे हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत बसवायचा असतो. पुण्यात सरोगसीचे किती अर्ज आले, किती फेटाळले आणि का फेटाळले, हे तिन्ही एकात कोंबू नका. तीन अर्ज करा, तीस रुपये जातील.

परवानगी हाती आल्याशिवाय एकही मुलाखत घेऊ नका. आधी घेतलेल्या मुलाखतींना मागाहून मंजुरी मिळत नाही, त्या प्रबंधातून काढाव्या लागतात. माझ्या ओळखीच्या एकाच्या अकरा मुलाखती अशा गेल्या. त्याने नंतर प्रश्नावलीत दोनच प्रश्न वाढवायचे ठरवले, तेव्हा मात्र दुरुस्तीचा अर्ज करून कमिटीचं उत्तर येईपर्यंत तीन आठवडे तो विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून होता.