चक्कर : फॅमिली डॉक्टरांकडील निदान व उपचार

चक्कर हा स्वतंत्र रोग नसून अनेक विकारांत आढळणारे लक्षण आहे. घेरी, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी, तोल जाणे या निरनिराळ्या अनुभवांना रुग्ण ‘चक्कर येते’ असेच म्हणतो. घर गरगर फिरते की डोके नुसते हलके होते, हे डॉक्टर विचारतातच. परंतु या वर्णनात रुग्ण सहज गोंधळतो, म्हणून चक्कर किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, ही माहिती अधिक भरवशाची ठरते.

उभे राहताच अंधारी येत असल्यास आधी आडवे झोपवून आणि मग उभे केल्यावर ३ मिनिटांच्या आत रक्तदाब मोजतात. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर चालू गोळ्या, जुलाब-उलट्यांनी घटलेले पाणी, रक्तक्षय यांकडे लक्ष द्यावे लागते.

अंथरुणात कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर करताना काही सेकंद सारे फिरत असेल, तर अंतर्कर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून तोलाची जाणीव देणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुधा मागच्या, शिरलेले असतात. डिक्स व हॉलपाइक या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५२ मध्ये वर्णिलेल्या चाचणीत मान ४५ अंश वळवून रुग्णाला झटकन उताणे झोपवतात आणि डोके खाटेच्या कडेखाली किंचित झुकते धरतात. क्षणभराने बुबुळे झटके देत फिरू लागतात, रुग्ण डॉक्टरांचे मनगट घट्ट पकडतो, आणि मिनिटाच्या आत सारे शांत होते. उपचारही हातांनीच होतो. अमेरिकेतील कानाचे डॉक्टर जॉन एपली यांच्या पद्धतीत डोके व मग धड टप्प्याटप्प्याने दुसऱ्या कुशीकडे वळवून, प्रत्येक स्थितीत सुमारे अर्धा मिनिट थांबून, कण मूळ जागी परत घरंगळवतात. मानेचे गंभीर दुखणे नसेल, तर साध्या तपासणीच्या खाटेवर हे जमते, आणि अनेकांना पहिल्याच खेपेस उतार पडतो. अशा चक्करेचा दोष मणक्यांना देऊन मानेला पट्टा बांधणे निरर्थक आहे. मळमळ शमवणारे प्रोक्लोरपेराझिन फार तर काही दिवस द्यावे. ते लांबवल्यास मेंदूला तोल नव्याने सावरणे अवघड जाते, तर सिनारिझिन हे चक्करेवरचे दुसरे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या वृद्धांत हातांना कंपही सुटू शकतो.

दिवसभर न थांबणारी चक्कर निराळी. ती तोलाच्या मज्जातंतूच्या दाहाने येते, तशी पक्षाघातानेही येते. एकाची दोन दिसणे, बोबडी वळणे, आधाराशिवाय उभे राहता न येणे यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. लहान मेंदूचा पक्षाघात सुरुवातीच्या तासांत सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही, त्यामुळे अहवाल निर्दोष आला तरी अशा रुग्णाला घरी धाडू नये.