बी भिजवा, पण मोड आणू नका

मटकीला मोड कसे आणायचे हे कुणाला शिकवायला नको. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी शेपट्या तयार. पेरणीआधी बी भिजवा म्हटलं की माणसं हेच करतात, आणि हरभऱ्याच्या टोकाला पांढरा कोंब दिसला की खूश होतात. तो कोंब उसळीला छान, कोरडवाहू रानात घातक.

बी पाणी पितं तेव्हा आधी नुसतं फुगतं. मग काही तास बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत साठलेलं अन्न मोकळं होत असतं, मुळाची तयारी चाललेली असते. या टप्प्यावर बी काढून सुकवलं तरी झालेलं काम वाया जात नाही. म्हणूनच ते पेरल्यावर लवकर आणि एकसारखं उगवतं. मूळ साल फोडून बाहेर आलं की मात्र माघार नाही. ते सुकलं की मेलं. पाभरीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, नळ्यातून जाताना मोडतं ते वेगळंच.

तेव्हा घड्याळ लावा. हरभरा 8 तास, ज्वारी 10, गहू 12. मग गोणपाटावर सावलीत पातळ पसरा. त्याच दिवशी पेरायचं असेल तर मूठभर बी हाताला चिकटेनासं झालं की पुरे. ठेवायचं असेल तर भिजवण्याआधीचं वजन परत येईपर्यंत सुकवा. उन्हात अजिबात नाही.

सोयाबीन पाण्यात बुडवूच नका. साल पातळ, पाणी एकदम ओढतं, डाळी फुटून सुटतात. कोकणात रहू पद्धतीत, म्हणजे चिखलावर थेट पेरताना, भाताचं मोड आलेलं बी टाकतात ते बरोबरच आहे, कारण ते चिखलात पडतं, सुकायची भीतीच नसते.

आता बी कशात भिजवायचं, म्हणजे अर्क. साधं पाणीही चालतं, पण माझी पसंती शेवग्याला. कोवळा पाला वाटून रस गाळायचा आणि 1 भाग रसात 30 भाग पाणी घालायचं. शेवग्याच्या पाल्यात झिएटिन असतं, पेशींच्या विभाजनाला चालना देणारं संजीवक. रस दाट ठेवला तर फायदा जास्त, हे ऐकून ऐकून कान किटले. दाट अर्कात उगवण उलट रोखली जाते. निंबोळी अर्क किडीसाठी आहे, तो फवारणीलाच ठेवा. आणि हरभऱ्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू) लावायचं ते बी सुकल्यावर, पेरणीच्या तोंडावर. अर्काच्या बादलीत नाही.