चाळीसवरून तेवीसवर, आणि परत

नाशिकजवळचं गिरणारे सोडून वाघेरा घाटातून हरसूलकडे जाणारा रस्ता पावसाळ्यानंतर ज्याने सायकलने काढलाय, त्याला टायर बदलायची वेळ का येते हे सांगायला नको. डांबर उडालेलं, खालची काळी खडी वर आलेली, साइडपट्टी खचलेली आणि कडेला सराटे. मुंबई-आग्रा हायवेची तऱ्हा वेगळी. तिथे ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेल्या केसाएवढ्या तारा पंक्चर करतात, आणि त्या बोटाला टोचेपर्यंत सापडतही नाहीत. मग दुकानात गेलं की प्रश्न येतो, कोणता घालू, पंचवीस मिलिमीटर रुंदीचा की अठ्ठावीस? या आकड्यांमागे सव्वाशे वर्षांचा वाद आहे.

हवेचा टायर मुळात खराब रस्त्यासाठीच आला. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली, कारण भरीव चाकांवर पोराला हादरे बसत होते. लोक त्या फुगीर चाकांना हसले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या सायकलपटूने त्यांवर शर्यती जिंकल्या आणि हसणं थांबलं. मऊ असून जोरात पळतं, हे तेव्हाच कळलं होतं. १८९१ मध्ये शार्ल तेराँने पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकली ती मिशलँ बंधूंच्या काढता-घालता येणाऱ्या टायरवर. तोवर टायर रिमला चिकटवलेला असायचा, त्यामुळे पंक्चर काढणं म्हणजे दिवसाचं काम.

आता आपल्याकडचं. दुधाच्या किटल्या लटकवलेली ती काळी लोखंडी सायकल आठवा. तिच्या टायरवर २८ × १½ असं लिहिलेलं असतं. आजच्या पद्धतीने तो ४०-६३५, म्हणजे रुंदी ४० मिलिमीटर आणि रिमवर जिथे टायर बसतो तिथला व्यास ६३५. रोड बाइकचं चाक मात्र ६२२ चं. फरक तेरा मिलिमीटरचाच, पण तेवढ्यावरून एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. अठ्ठावीस इंची म्हणून मागितलेला टायर घरी आणून परत करायची पाळी माझ्यावरही आली आहे. म्हणून इंचांवर जाऊ नये. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत उठवलेली ही आकड्यांची जोडी तेवढी वाचावी.

गंमत म्हणजे ६२२ च्या चाकाला ‘७०० सी’ म्हणतात. यातलं ७०० हा टायरसकट बाहेरचा व्यास, आणि ‘सी’ म्हणजे फ्रेंचांच्या जुन्या मापातला जाड टायर. ६२२ मध्ये दोन्ही बाजूंना ३९-३९ मिळवा, बरोबर ७०० होतात. म्हणजे आज ज्याला आपण शर्यतीचं चाक समजतो, ते जन्मलं दुधवाल्याच्या टायरएवढी जाडी अंगावर घेऊनच. सेंत-एतिएनचे पॉल द विवी, फ्रेंच सायकलस्वारांचे ‘वेलोसियो’, डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी जाड टायरचीच बाजू घेत राहिले.

मग शर्यतीचा तेवीस मिलिमीटरचा टायर आला कुठून? प्रयोगशाळेतून, असं माझं मत. टायर तपासायचे ते गुळगुळीत पोलादी ड्रमवर फिरवून. तिथे जितकी हवा जास्त, तितका टायर कमी दबतो आणि तितकी शक्ती कमी वाया जाते. त्यात बारीक टायर वजनाला हलका आणि वाऱ्याला कमी अडणारा. पण ड्रमवर माणूस बसलेला नसतो! खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्याला उसळतो, ती उसळी हातापायांच्या मांसात जिरते आणि ती शक्तीही तुमचीच असते. ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या अमेरिकी नियतकालिकाने माणूस बसवून, खडबडीत पट्ट्यांवरून सायकल चालवून हे मोजलं. नंतर व्यावसायिक शर्यतींतही तेवीसचे पंचवीस आणि पंचविसाचे अठ्ठावीस झाले. २०१८ मध्ये शर्यतींत डिस्क ब्रेकला, म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती धरणाऱ्या ब्रेकला, कायमची परवानगी मिळाल्यावर तर टायरवरून येऊन रिम दाबणाऱ्या आणि टायरला जागा न देणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याची अडचणही गेली.

आपली अडचण मात्र त्या चिमट्यातच आहे. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी दोघांच्या संघात ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली. त्या सुमारास शहरात आलेल्या बऱ्याच रोड बाइक चिमटा-ब्रेकच्या, तेवीस-पंचवीसवाल्या. त्यांत फार तर अठ्ठावीस मावतो, तोही सगळ्यांत नाही. तरी घ्यावा. तेवीसच्या मानाने अठ्ठावीसमध्ये हवेला जवळजवळ दीडपट जागा मिळते, बत्तीसमध्ये दुपटीच्या थोडी खाली. जागा वाढली की दाब उतरवता येतो. शंभर पीएसआय भरायची सवय असलेल्यांना सत्तरवर भीती वाटते, पण ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटून दोन भोकं पडण्याचा प्रकार टायर रुंद असेल तर उलट कमी होतो. नक्षीसाठी जास्त पैसे देऊ नका; डांबरावर सायकलच्या टायरला नक्षीचा उपयोग नगण्य. पैसे द्यायचेच तर आतल्या काटारोधक पट्टीला द्या, सराट्यांसाठी. ती पट्टी जाड झाली की टायर लाकडासारखा चालतो, हेही धरून चाला. ट्यूबलेसमध्ये, म्हणजे ट्यूब नसलेल्या टायरमध्ये, बारीक भोकं आतलं पातळ द्रव्यच बुजवतं, पण त्याला तशीच रिम लागते.

घेण्याआधी टायर आणि चिमट्यामध्ये चार मिलिमीटरची अॅलन की (षटकोनी पाना) फिरते का पाहा. टायरवर छापलेली रुंदी रुंद रिमवर एक-दोन मिलिमीटरने वाढते. आणि दिंडोरीच्या बाजूला पहिल्या पावसात काळी माती टायरला चिकटून वर चढते. जागा कमी असेल तर चाक जागच्या जागी अडकतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. दुधवाल्याच्या मडगार्डखाली मात्र आरामात बोट जातं.