पार्श्वभूमी: मिठीकाठच्या भिंती

कुर्ल्याच्या क्रांतीनगरात पाणी शिरले की मिठीच्या संरक्षक भिंतीचा विषय दरवर्षी निघतो. जिथे भिंत झालेली नाही तिथले रहिवासी ती कधी होणार म्हणून विचारतात. जिथे झाली आहे तिथले विचारतात, भिंत असताना पाणी आले कुठून? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे २००५ नंतर घेतलेल्या निर्णयांत आहेत, आणि त्याहून जास्त त्याआधी कुणी फारसा विचार न करता होऊन गेलेल्या गोष्टींत आहेत.

मिठी तशी छोटी नदी. विहार आणि पवईच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत तिची लांबी जेमतेम १७.८ किलोमीटर आणि पाणलोट सुमारे ७३ चौरस किलोमीटर. तिच्या पुराचे मूळ उतारात आहे. डोंगरातून ती थोड्याच अंतरात झपाट्याने खाली येते आणि कुर्ला-कलिन्याच्या सपाटीला लागली की तिचा वेग मरतो. वरून आणलेली माती ती इथेच टाकते. समोरून दिवसातून दोनदा भरती चढत असते, त्यामुळे ही माती समुद्रात सरळ निघून जात नाही, मागेपुढे होत बसते. शेकडो वर्षे असाच गाळ साचून साष्टी आणि मुंबई यांच्या मधला खाजणांचा पट्टा तयार झाला आणि त्यावर तिवरे वाढली. धारावी आणि माहीमचे कोळी या खाडीत मासे धरत. पुराच्या हिशेबात या पट्ट्याचे काम एकच होते. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला, तर ओहोटी लागेपर्यंत पाण्याला थांबायला तिथे जागा मिळायची.

एकोणिसाव्या शतकात या जागेला पहिले बांध पडले. शतकाच्या आरंभी शीवचा बांधरस्ता झाला, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे पुरा झाला आणि खाडीचे तोंड पुलाखालच्या गाळ्यांपुरते उरले. १८६० मध्ये विहारचे धरण झाले, १८९० च्या सुमारास पवईचे. शहराला पाणी मिळाले हे खरेच, पण पावसाळा सरला की नदीत वरून स्वच्छ पाणी येणे थांबले. पुढे काठावर वस्ती आणि कारखाने वाढले, तेव्हा वर्षातले आठ महिने तिच्यात सांडपाण्याखेरीज वाहायला दुसरे काही राहिले नव्हते. लोक तिला नाला समजू लागले आणि नाल्याला जागा सोडायची सवय आपल्याकडे नाही.

विसाव्या शतकात खरी जागा गेली. विमानतळ वाढत गेला तसे नदीला त्याच्या हद्दीत काटकोनात वळवले गेले. धावपट्टी तिच्या डोक्यावरून गेली. १९७० च्या दशकात नरिमन पॉइंटवरची गर्दी हलवण्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुल आखले गेले. ते नेमके त्या खाजणावर, सुमारे ३७० हेक्टरांत. पुढच्या दोन-अडीच दशकांत तिथे भराव पडत गेला. त्या काळात चर्चा झाली ती कार्यालये कुठे न्यायची याची. उधाणाच्या दिवशी तिथे थांबणारे पाणी कुठे न्यायचे, याचा विचार त्या तोडीचा झाला नाही. माझ्या मते मिठीच्या पुराबाबतचा सर्वात मोठा निर्णय हाच होता आणि तो पुराचा निर्णय म्हणून कधी घेतलाच गेला नाही.

१९९३ मध्ये शहराच्या पर्जन्यजल वाहिन्यांचा मोठा आराखडा तयार झाला, तोच ब्रिमस्टोवॅड. जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा होत्या, तेही ओहोटी असेल तरच. आराखड्याने ही क्षमता ताशी ५० वर न्यायला सांगितली. त्यातली एक नोंद आजही वाचण्यासारखी आहे: समुद्रात आणि खाड्यांत उघडणाऱ्या १८६ मुखांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, १३५ भरतीच्या पातळीखाली आणि अवघी सहा भरतीच्या वर. म्हणजे भरतीच्या वेळी शहराचे जवळजवळ सगळे दरवाजे बाहेरून लागलेले असतात. खर्चाचे कारण पुढे आले आणि आराखडा बारा वर्षे जवळपास तसाच पडून राहिला.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. दुपारनंतर एका तासात १९० मिलिमीटरपर्यंत पाऊस कोसळला आणि त्याच दुपारी साडेचार मीटरच्या आसपासची भरती होती. सांताक्रूझइतका पाऊस मिठीच्या साऱ्या पाणलोटावर झाला असे धरले, तर हिशेब सुमारे ६,८९० कोटी लिटरवर जातो. तुडुंब भरलेल्या विहार तलावात सुमारे २,७७० कोटी लिटर पाणी मावते. म्हणजे जवळजवळ अडीच विहार तलाव एका दिवसात या एका लहान नदीत, आणि तिचे तोंड बंद.

या पुरानंतर आठवड्यांतच मिठीसाठी वेगळे प्राधिकरण आले, सत्यशोधन समिती नेमली गेली आणि २००६ मध्ये तिचा अहवाल आला. नदी दोन यंत्रणांत वाटली गेली. खालचे सहा किलोमीटर एकीकडे, वरचे सुमारे बारा दुसरीकडे. ठरले ते असे: पात्र रुंद करायचे, खोल करायचे, काठची बांधकामे हटवायची आणि दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत घालायची.

भिंतीवरून तेव्हापासून वाद आहे, आणि तो सविस्तर मांडायला हवा, कारण बाकीची कामे तिच्याभोवतीच फिरतात.

भिंतीच्या बाजूचा मुख्य मुद्दा पाण्यापेक्षा जमिनीचा होता. कुर्ला, साकीनाका, बैलबाजार या भागात नदीचा काठ म्हणजे भंगाराची गोदामे, गॅरेज, तेलाचे रिकामे पिंप धुणारे धंदे आणि दाटीवाटीच्या झोपड्या. राडारोड्याचे डंपर रात्री सरळ पात्रात रिकामे होत. पात्र एकदा रुंद केले तरी भिंत नसेल तर दोन वर्षांत पुन्हा भरून जाईल, अशी भीती प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना होती आणि ती खोटी नव्हती. भिंतीमुळे नदीची हद्द पहिल्यांदा जमिनीवर उमटली. आज कुणी भराव टाकला तर तो कुठल्या बाजूला टाकला हे निदान दाखवता येते. हे श्रेय भिंतीला द्यायलाच हवे.

विरोधकांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, मिठी एकटी वाहत नाही. वाकोला नाल्यासारखे मोठे आणि गल्लीबोळातले असंख्य छोटे नाले तिला मिळतात. भिंत घातली तरी प्रत्येक नाल्यासाठी तिच्यात तोंड ठेवावेच लागते. भरतीला नदीची पातळी त्या तोंडाच्या वर गेली की पाणी त्यातूनच उलटे वस्तीत येते. हे डोळ्यांनी पाहायला मोठा पूर लागत नाही. अमावस्येच्या उधाणाला, पाऊस नसतानाही, अशा चौकोनी तोंडापाशी उभे राहिले की दिसते: काळे पाणी आतल्या बाजूला हळूहळू वर चढते, त्यावर थर्माकोल आणि पिशव्यांचा थर वस्तीच्या दिशेने सरकत जातो आणि गटाराच्या झाकणाच्या फटीतून बुडबुडे यायला लागतात. त्याच वेळी वर पाऊस असेल तर वस्तीत पडलेले पाणी भिंतीच्या आत अडकते. भिंत नसती तर ते काठावरून निदान ओसरले असते. भिंत असताना पाणी आले कुठून, या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

दुसरी गोष्ट गाळाची. नदी पसरते तेव्हा गाळ काठावर सोडते. तिला दोन भिंतींत कोंडले की गाळाला पात्राखेरीज जागा उरत नाही. त्यात खोलीकरणाचा मोठा गैरसमज आहे. वरच्या टप्प्यात तळ खोल केला तर पाणी वाहायला जागा वाढते. पण जिथे भरती पोहोचते, तिथे समुद्रपातळीच्या खाली खणलेला खड्डा पावसाच्या आधीच समुद्राच्या पाण्याने भरलेला असतो. पुराची उंची तिथे समुद्र ठरवतो. उलट, खोल पात्रातून भरती आणखी आत येते आणि येताना चिखल घेऊन येते. त्यामुळे दर एप्रिल-मेमध्ये गाळ काढायचा आणि पुढच्या वर्षी तोच पुन्हा काढायचा, हे चक्र कायमचे लागले. या चक्रात पैसाही कायमचा. गाळ उपशातल्या सुमारे ६५ कोटींच्या कथित गैरव्यवहाराबद्दल मे २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला गेला.

या सगळ्यात तिसरा पर्याय मागे पडला. पात्राला लागून थोडी जागा मोकळी ठेवायची, तिथे मैदाने राहू द्यायची, तिवरे वाढू द्यायची आणि पुरात ती जागा बुडू द्यायची. मुंबईत जमिनीचा भाव पाहता हा पर्याय अशक्य वाटतो. पण खालच्या टप्प्यात तशी जागा होती. तिथे आता काचेच्या इमारती आहेत. कुर्ल्यातल्या झोपड्यांना अतिक्रमण म्हणायचे आणि खाजणातल्या भरावाला विकास, ही विषमता या वादात नेहमी असते. हटवली गेली ती झोपडीच, आणि तिथले लोक दूरच्या इमारतींत पाठवले गेले.

त्यानंतर एकेक उपाय जोडला जातो आहे. ब्रिमस्टोवॅडचे काम २००५ नंतर मार्गी लागले. आठ पंपिंग स्टेशनांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा झाली. मोगरा आणि माहुल जागेच्या प्रश्नांत वर्षानुवर्षे रखडली. दादरजवळच्या सखल हिंदमाता चौकात तुंबणारे पाणी परळ आणि दादरच्या मैदानांखाली टाक्या बांधून भरती ओसरेपर्यंत साठवायचे, हा प्रयोग २०२१ पासून चालू आहे. पाण्याला थांबायला जागा द्यायची, ही खाजणाचीच कल्पना, आता जमिनीखाली आणि बऱ्याच खर्चाने. ताशी ५० मिलिमीटरचे मापही आता अपुरे वाटते. २९ ऑगस्ट २०१७ ला सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर पाऊस झाला, जुलै २०१९ च्या आरंभी एका दिवसात ३७५.

१९ ऑगस्ट २०२५ ला मिठीची पातळी ३.९ मीटरवर गेली आणि क्रांतीनगरातल्या शेकडो लोकांना शाळांत हलवावे लागले. खालच्या टप्प्यासाठी सध्या जी योजना आहे, तिच्यात भिंतीतल्या नाल्यांच्या तोंडांवर झडपा आणि पंप बसवायचे आहेत. भरतीला झडप लावायची आणि आतले पाणी पंपाने भिंतीवरून नदीत टाकायचे. म्हणजे विरोधकांचा पहिला मुद्दा वीस वर्षांनी मान्य झाला, पण भिंत काढून नाही, तिला यंत्रे जोडून. त्या पंपांना ऐन पुरात वीज कुठून मिळणार, झडपेत अडकलेला प्लास्टिकचा गठ्ठा मध्यरात्री कोण काढणार आणि दोन यंत्रणांच्या हद्दीवरचे तोंड कुणाच्या ताब्यात असणार, हे काठावरच्या लोकांना काम सुरू होण्याआधी लेखी कळायला हवे.