बहुसांस्कृतिक वर्गांसाठी शिक्षक-प्रशिक्षण

भाषा, धर्म, जात, वंश, स्थलांतर किंवा उपजीविकेची रीत यांमुळे ज्यांचे घर शाळेपासून आणि एकमेकांपासूनही वेगळे पडते, अशा मुलांच्या वर्गात शिकवण्यासाठी भावी शिक्षकांची सेवापूर्व काळात करून घेतली जाणारी तयारी. सेवेतील शिक्षकांची उजळणी-प्रशिक्षणे सामान्यतः यात धरत नाहीत, तथापि दोहोंमधील सीमा प्रत्यक्षात सैल आहे. या विषयाच्या इतिहासात दोन प्रश्न सतत एकमेकांत गुंतलेले दिसतात : अशा वर्गासाठी शिक्षक कोणत्या समाजातून निवडावा, आणि जो निवडला गेला त्याला काय शिकवावे. अलीकडील शैक्षणिक वाङ्मय दुसऱ्या प्रश्नावर एकवटले आहे; कालदृष्ट्या मात्र पहिला प्रश्न जुना आहे.

उगमाविषयी मतभेद आहेत. रूढ मांडणीनुसार या प्रशिक्षणाचा आरंभ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, नागरी हक्कांच्या चळवळीनंतर, १९७० च्या दशकात झाला. शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयांच्या अमेरिकन संघटनेने १९७२ मध्ये संमत केलेले निवेदन हा या मांडणीचा मुख्य आधार होय. सांस्कृतिक भेद वितळवून टाकणे हे शाळेचे काम नाही, आणि ते नुसते सोसणे हेही पुरेसे नाही, अशी भूमिका त्यात घेतली होती. पुढे याच दशकाच्या अखेरीस शिक्षक-प्रशिक्षण संस्थांना मान्यता देणाऱ्या तेथील राष्ट्रीय परिषदेने आपल्या निकषांत बहुसांस्कृतिक शिक्षणाचा समावेश केला. त्यामुळे हा विषय उत्साही प्राध्यापकांच्या आवडीपुरता न राहता महाविद्यालयांच्या मान्यतेशी जोडला गेला. न्यायालयांचाही यात वाटा आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक मुलांच्या खटल्यात (१९७४) सर्वोच्च न्यायालयाने इंग्रजी न येणाऱ्या मुलांना इतरांसारखेच वर्ग आणि पुस्तके देणे म्हणजे समान वागणूक नव्हे, असे ठरवले. मिशिगनमधील ॲन आर्बरच्या खटल्यात (१९७९) तर कृष्णवर्णीय मुलांची घरची बोली शिक्षकांना ओळखता यावी यासाठी योजना आखण्याचा आदेश शाळा-मंडळाला देण्यात आला.

दुसरे मत हा आरंभ चार दशके मागे नेते. रेचल डेव्हिस ड्यूबॉय यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये न्यूयॉर्क येथे आंतरसांस्कृतिक शिक्षणासाठी एक सेवाकेंद्र स्थापन झाले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हिल्डा टाबा आणि लॉइड ॲलन कुक यांनी आंतरगट-शिक्षणाचे प्रकल्प चालवले. त्यांपैकी कुक यांचा प्रकल्प थेट शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयांतील अभ्यासक्रमांशी संबंधित होता. या प्रयत्नांचा भर मुख्यतः पूर्वग्रह कमी करण्यावर आणि सामाजिक सलोख्यावर होता, सत्तेच्या विषम वाटपावर नव्हता. म्हणून १९७० नंतरच्या प्रवाहाचे ते सरळ पूर्वज मानावेत की नाही, याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. बहुसांस्कृतिक शिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक जेम्स बँक्स यांनी मूळ आणखी मागे, कार्टर वुडसन आदी कृष्णवर्णीय इतिहासकारांच्या कार्यात शोधले आहे, आणि ही जोडणी अधिक सयुक्तिक वाटते.

या दोन्ही मतांत अमेरिकेबाहेरचा पुरावा फारसा विचारात घेतलेला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षकांच्या निवडीचा व तयारीचा प्रश्न स्पष्टपणे मांडलेला आढळतो. प्राथमिक शाळांतील जवळजवळ सर्व शिक्षक ब्राह्मण असून त्यांतले थोडेच नॉर्मल स्कूलमधून, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण शाळेतून, शिकून आलेले आहेत, असे नोंदवून फुले म्हणतात की, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गांतून तयार करावेत. धार्मिक पूर्वग्रहांमुळे अंतर राखणाऱ्या शिक्षकापेक्षा असा शिक्षक मुलांत मोकळेपणाने मिसळेल, त्यांच्या गरजा व इच्छा अधिक जाणेल, आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांखेरीज शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे आणि वेतन किमान १२ रुपये, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये असावे, असेही त्यांनी सुचवले. निवड, अभ्यासक्रम आणि वेतन हे तिन्ही धागे येथे एकत्र आले आहेत; पुढील शंभर वर्षांच्या चर्चेत ते असे एकत्र क्वचितच आढळतात. संस्कृती ही संकल्पना आजच्या अर्थाने या निवेदनात नाही, आणि फुले यांचा रोख सांस्कृतिक वैविध्यापेक्षा जातिव्यवस्थेतील वर्चस्वावर आहे, हा आक्षेप बरोबर आहे. परंतु अमेरिकन परंपरेचा उगमही वांशिक वर्चस्वाच्या विरोधातच असल्याने, या आक्षेपावरून फुले यांना या इतिहासाबाहेर ठेवणे कठीण आहे. हंटर आयोगानेही मुस्लिम शिक्षकांसाठी स्वतंत्र नॉर्मल शाळा किंवा वर्ग काढण्याची शिफारस केली होती. महाराष्ट्रातील उर्दू माध्यमाच्या अध्यापक विद्यालयांची वैचारिक पार्श्वभूमी काही अंशी तेथवर नेता येते.

आशय व पद्धती : अमेरिकेतील विद्यापीठांत १९९० नंतर या विषयाला सैद्धांतिक चौकट मिळाली. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या संस्कृतिसंगत अध्यापनशास्त्रात विद्यार्थ्यांची शैक्षणिक प्रगती, स्वतःच्या संस्कृतीवरील पकड आणि सामाजिक विषमतेची चिकित्सक जाण या तीन कसोट्या आहेत. जिनिव्हा गे यांनी २००० मध्ये वर्गातील प्रत्यक्ष व्यवहारावर भर देणारी मांडणी केली, तर जँगो पॅरिस यांनी २०१२ मध्ये मुलांची संस्कृती केवळ शाळेपर्यंत पोहोचण्याची पायरी न मानता शाळेने ती टिकवली पाहिजे, असा पुढचा आग्रह धरला. पद्धतींपैकी सर्वाधिक अनुकरण झाले ते ॲरिझोनातील टूसॉन येथे लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास विकसित केलेल्या गृहभेटींचे. शिक्षकांना मानववंशशास्त्रीय मुलाखतीचे तंत्र शिकवून मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांत पाठवले जाई आणि शेती, खाणकाम, वनौषधी, दुरुस्तीची कामे यांविषयी घरात असलेले ज्ञान नोंदवून त्यावर पाठ बेतले जात. शिक्षक येथे तक्रार घेऊन जात नाही, शिकण्यासाठी जातो. पालकभेटीच्या आपल्याकडील प्रथेहून ही पद्धत त्यामुळेच वेगळी ठरते.

या प्रशिक्षणाच्या परिणामांविषयीचा पुरावा मर्यादित आहे. क्रिस्टीन स्लीटर यांनी २००१ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार बहुतेक अभ्यास गोऱ्या प्रशिक्षणार्थींच्या वृत्तीत एखाद्या अभ्यासक्रमामुळे काय फरक पडतो एवढेच पाहतात. पुढे वर्गात ते कसे शिकवतात, याचा पाठपुरावा विरळ आहे. एकाच स्वतंत्र विषयपत्रिकेपुरते हे शिक्षण ठेवले तर उरलेले प्रशिक्षण जुन्याच वळणाने जाते, ही टीका सर्वत्र आढळते. सण, वेशभूषा आणि खाद्यपदार्थ यांच्या प्रदर्शनाला सांस्कृतिक जाण समजण्याची सवयही याच मांडणीतून बळावते. इंग्लंडमध्ये स्वान समितीच्या १९८५ च्या अहवालाने, बहुवांशिक समाजासाठीची तयारी केवळ मिश्र वस्तीत शिकवणाऱ्यांची नसून सर्वच शिक्षकांची गरज आहे, असे म्हटले होते.

भारतात स्वातंत्र्योत्तर काळात हा विषय भाषा आणि आदिवासी शिक्षण या दोन अंगांनी आला. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्ये आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगतो. ती भाषा येणारा शिक्षक कसा घडवावा, याविषयी तो काही सांगत नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सुरुवातीच्या इयत्तांसाठी आदिवासी भाषांत साहित्य तयार करण्याची आणि शिकलेल्या आदिवासी तरुणांना प्रशिक्षण देऊन त्या भागांत शिक्षक नेमण्याची गरज सांगितली. शिक्षक-शिक्षणाच्या २००९ च्या राष्ट्रीय आराखड्याने प्रशिक्षणार्थीला स्वतःची जात, लिंग व वर्ग यांतून आलेल्या समजुती तपासायला लावणे हे प्रशिक्षणाचेच अंग मानले. न्या. जे. एस. वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालानंतर २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले, शाळेतील अनुभवाचा काळ किमान २० आठवडे केला आणि लिंगभाव, भाषा व समावेशन यांवरील विषय अभ्यासक्रमात आणले. हा आयोग महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातूनच सर्वोच्च न्यायालयाने नेमला होता. कागदावरील अभ्यासक्रम आता पुरेसा विस्तृत आहे. शालेय अनुभवाचे ते आठवडे मात्र बहुधा जवळच्या, सोयीच्या शाळांतच भरले जातात.

शिक्षक कोणत्या समाजातला असावा, हा फुले यांचा प्रश्न अलीकडे घटनात्मक वादाच्या रूपाने पुन्हा पुढे आला. आंध्र प्रदेशाच्या राज्यपालांनी जानेवारी २००० मध्ये अनुसूचित क्षेत्रांतील शाळांमधील शिक्षकांची सर्व पदे स्थानिक अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने २२ एप्रिल २०२० रोजी हे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवले आणि आदिवासींना आदिवासींनीच शिकवावे ही कल्पना कठोर शब्दांत फेटाळली. आधी झालेल्या नेमणुकांना सशर्त संरक्षण दिले. भाषा जाणणारा शिक्षक आणि त्या जमातीत जन्मलेला शिक्षक या दोन वेगळ्या पात्रता आहेत, हे न्यायालयाचे गृहीतक तर्काला धरून आहे. परंतु गोंडी, कोया यांसारख्या भाषा बाहेरच्या उमेदवाराला शिकवण्याची सोय प्रशिक्षणातच नसेल, तर व्यवहारात ही पात्रता जमातीबाहेर सहसा आढळत नाही. ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू करताना त्या भाषा बोलणारे शिक्षक शोधण्यावर भर दिला.

महाराष्ट्रात भिली, गोंडी, माडिया, कोरकू, कोलामी, वारली, कातकरी अशा घरभाषांची मुले मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळांत आणि आश्रमशाळांत येतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे वारली मुलांसाठी केलेले काम या संदर्भात महत्त्वाचे आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेणाऱ्या कुरणशाळेमागे मुलाचा दिनक्रम आधी आणि वेळापत्रक नंतर, हा विचार होता. राज्यातील पदविका-अभ्यासक्रमांत कोसबाडचा उल्लेख बालशिक्षणाच्या इतिहासात येतो, बहुसांस्कृतिक अध्यापनाच्या संदर्भात सहसा येत नाही. ऊसतोड कामगारांच्या, वीटभट्टीवरील कुटुंबांच्या आणि परराज्यांतून शहरांत आलेल्या मजुरांच्या मुलांमुळे एका वर्षाच्या आतच वर्गाची घडण बदलते. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे व साखरशाळा यांसारख्या योजना झाल्या, पण त्या प्रशासनाच्या बाजूने आखलेल्या आहेत. मुंबई महानगरपालिका मराठीसह आठ माध्यमांच्या शाळा चालवते. माध्यमांची ही विभागणी मुलाला त्याच्या भाषेचा शिक्षक मिळवून देते. ज्याची घरभाषा भोजपुरी, नेपाळी किंवा वडारी आहे तो मात्र कोणत्याही एका माध्यमात बसवला जातो, आणि त्याला शिकवण्याची तयारी शिक्षक बहुधा नोकरीवर रुजू झाल्यानंतर आपल्या आपणच करतो.