सिकलसेल आणि जातीचा शिक्का (नागपूर-विदर्भ)

सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हातपाय, पाठ, छाती अशी ठणकते की धडधाकट माणूस रडतो, शिवाय रक्त कमी, डोळे पिवळे, सारखं इन्फेक्शन.

1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी हा पहिल्यांदा नोंदवला, पेशंट ग्रेनाडाहून शिकायला आलेला कृष्णवर्णीय तरुण होता, आणि पुढे अमेरिकेत 'काळ्या लोकांचा आजार' हा शिक्का बसला तो बसलाच. खरं तर या आजाराचा जीन (आईबापाकडून येणारा आनुवंशिक घटक) ग्रीस, सिसिली, अरबस्तानातही आहे, कारण त्याचं नातं रंगाशी नाही, मलेरियाशी आहे. एकच सदोष जीन असलेली माणसं मलेरियातून जास्त वाचली.

भारतात 1952 ला तो निलगिरीच्या आदिवासींत सापडला. विदर्भात गोंड, माडिया, परधान आणि बौद्ध समाजात जास्त, पण कुणबी-तेल्यांच्या घरातही आहे, म्हणून 'हा त्यांचा आजार' हे बोलणं साफ चुकीचं. ज्यांच्यावर शिक्का आहे ते लग्न मोडेल म्हणून रिपोर्ट लपवतात, ज्यांच्यावर नाही त्यांची तपासणीच कोणाला सुचत नाही आणि पोरगं वर्षानुवर्षं संधिवाताच्या गोळ्या खात राहतं.

तपासणी अवघड नाही. रक्ताचा थेंब सोल्युबिलिटी टेस्टच्या द्रावणात टाकायचा, द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह, मग एएस (एकच सदोष जीन असलेला वाहक) की एसएस (दोन्ही जीन सदोष असलेला रुग्ण) ते इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीत, कळतं. आईबाप दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असायची शक्यता 25 टक्के.

खरी विषमता त्यापुढे आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध रोज घेतलं तर दुखण्याचे झटके बरेच कमी होतात, पण मधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि गडचिरोलीच्या आतल्या गावातून नागपूरच्या मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) यायचं म्हणजे मजुरी बुडाली, भाड्याचे पैसे वेगळे. नागपुरात संपत रामटेके यांनी रुग्णांना संघटित करून हा प्रश्न सरकारदरबारी लावून धरला, त्यांना 2018 ला पद्मश्री मिळाली. 2023 मध्ये केंद्राचं सिकलसेल मिशन आलं, 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचं टार्गेट.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल घेतलाय, पण त्यातल्या सरकारी नोकरीच्या 4 टक्के आरक्षणात रक्ताचे आजार नाहीत, त्यामुळे सर्टिफिकेट मिळूनही नोकरीसाठी त्याचा उपयोग होत नाही.